गाऱ्हाणे, अर्ज आणि संवाद

सरकार आणि नागरिक यांच्यात बोलणे होत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. बोलणे पुष्कळ होते. नागरिक ओट्यावर, कट्ट्यावर, गाडीच्या डब्यात सरकारविषयी बोलत असतो. सरकार फलकांवरून, जाहिरातींतून आणि उद्घाटनाच्या व्यासपीठावरून नागरिकांसंबंधी बोलत असते. दोघांच्याही तोंडाला विश्रांती नाही. अडचण एवढीच आहे की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि पोचले तरी त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असे कोणाला वाटत नाही. ज्या बोलण्याला उत्तर नाही त्याला संवाद म्हणावयाचे कसे?

तेव्हा विषयात शिरण्यापूर्वी तीन शब्द वेगळे करून ठेवू. गाऱ्हाणे, अर्ज आणि संवाद. गाऱ्हाण्याला पत्ता नसतो. ते वाऱ्यावर सोडलेले असते. नळाला पाणी आले नाही, शेजारणीपाशी बोललो, मन हलके झाले, पाणी काही आले नाही. अर्जाला पत्ता असतो. पण अर्जाच्या भाषेतच देणारा वर आणि मागणारा खाली अशी पायरी गृहीत धरलेली असते. 'कृपा व्हावी' म्हणून तो संपतो, आणि कृपा करणे न करणे हे कृपा करणाऱ्याच्या मर्जीवर असते. संवाद या दोहोंहून निराळा. त्यात बोलणाऱ्याला जसा बोलण्याचा हक्क असतो, तसे ऐकणाऱ्यावर ठरलेल्या मुदतीत कारणासह उत्तर देण्याचे बंधन असते. आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे की संवादात नागरिकालाही ऐकून घ्यावे लागते. गाऱ्हाण्यापासून अर्जापर्यंत आणि अर्जापासून संवादापर्यंतचा प्रवास आपल्या देशात कसा झाला, कोठे अडला, आणि आपण आज नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे येथे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही, हे एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. एक विधवा बाई आहे, धुण्याभांड्याची कामे करते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून आपल्याला दरमहा काही रक्कम मिळू शकते असे तिला कोणी सांगितले. ती तहसील कचेरीत गेली. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेस उत्पन्नाचा दाखला नव्हता. तो आणला, तर वयाचा पुरावा हवा. तोही आणला, तेव्हा कळले की नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नावाचे एक अक्षर चुकले आहे. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी गेली. यात कोणी लाच मागितली नाही, कोणी अपशब्द उच्चारला नाही. तरी त्या बाईच्या हातून तिचा हक्क निसटला, कारण चौथ्या खेपेनंतर ती पुन्हा गेलीच नाही.

आता खिडकीच्या पलीकडे बसलेल्या लिपिकाची बाजूही पाहावी. त्याच्याकडे तीन टेबलांचे काम आहे, कारण दोन जागा रिकाम्या आहेत. नियम वेळोवेळी बदलले आहेत, आणि चुकीचे प्रकरण मंजूर झाले तर लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्यावर निघणार आहे; योग्य प्रकरण अडकून पडले तर मात्र त्याला कोणी विचारणार नाही. अशा व्यवस्थेत 'उद्या या' हे सर्वांत सुरक्षित उत्तर ठरते. तो माणूस दुष्ट आहे म्हणून असे घडत नाही. नकाराला शिक्षा नाही आणि होकाराला धोका आहे म्हणून असे घडते.

या प्रसंगात उणे काय होते? तीन गोष्टी. लागणाऱ्या कागदांची एकच पूर्ण यादी, काम पुरे होण्याची मुदत, आणि जबाबदार माणसाचे नाव. या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी बाईच्या हाती पडल्या असत्या तर चार खेपांचे काम एका खेपेत झाले असते. लोकसेवा सुधारावयाची म्हणजे फार मोठे काही करावयाचे आहे असा आपला समज असतो. पुष्कळदा ती या तीन साध्या गोष्टींनी सुधारते. पण त्या साध्या गोष्टी मिळवावयास किती वर्षे लागली, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

वसंत ऋतूतील व्याख्यानांचा आणि या विषयाचा संबंध जुना आहे. पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने. त्याच्या पाच वर्षे आधी, १८७० च्या एप्रिलात, पुण्यातच सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिचे चालक गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, त्या सरकारपुढे मांडावयाच्या म्हणून प्रथम हालचाल झाली आणि तीतून सभा उभी राहिली. या सभेची एक अट आजही विचार करण्यासारखी आहे. ज्याला निदान ५० लोकांनी सही करून मुखत्यारपत्र दिले असेल, तोच सभासद होऊ शकत असे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सुमारे ६,००० माणसे होती. मतदानाचा हक्क नसलेल्या त्या काळात 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या सरकारच्या प्रश्नाला उत्तर देण्याची ही तरतूद होती.

१८७६–७७ च्या दुष्काळात या सभेने जे काम केले ते संवादाचा वस्तुपाठ म्हणून पाहावे. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पीक किती आणे आले, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामांवर मजुरी किती मिळते, किती गुरे गेली, हे सारे जमवून तिने सरकारकडे निवेदनांवर निवेदने पाठविली. 'रयत हवालदिल झाली आहे' असे मोघम लिहिण्यापेक्षा अमुक ठिकाणी अमुक स्थिती आहे असे लिहिले, म्हणजे ते फेटाळणे अधिकाऱ्याला जड जाते. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले, आणि सरकारच्या धोरणाचे आकड्यांनिशी परीक्षण करण्याची शिस्त त्यातून लागली.

पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात आणखी एक पाऊल पडले. तोवर सरकारने स्वतःच दुष्काळाचे नियम तयार केले होते. कामे केव्हा काढावी, सूट केव्हा द्यावी, हे त्यांत लिहिलेले होते. टिळकांच्या नेतृत्वाखाली सभेच्या माणसांनी ते नियम मराठीत लोकांना समजावून सांगितले. यात नवा कायदा मागितलेला नव्हता. सरकारचाच कायदा रयतेच्या हाती दिला होता. तेवढेही सरकारला खपले नाही, आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. म्हणजे निवेदने पाठवीत होती तोवर सभा चालत होती. लोकांना नियम कळू लागले तेव्हा ती चालेनाशी झाली. सत्ता परकी असो वा स्वकीय, नियम माहीत असलेला नागरिक हा तिला नेहमीच थोडा अडचणीचा वाटतो.

स्वराज्य आले, मताचा हक्क आला. पण कचेरीचे दप्तर मात्र बरीच वर्षे पूर्वीसारखेच मिटलेले राहिले. ते उघडण्याची गोष्ट घडली ती एखाद्या मोठ्या शहरात घडलेली नाही. ती राजस्थानातील दुष्काळी खेड्यांत घडली. तेथे १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकरसिंग ही तिच्यातील परिचित नावे. सरकारी कामांवर मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नसे. विचारले तर सांगत, 'कागदोपत्री तुम्ही काम केलेलेच नाही.' मग मजूर म्हणू लागले, 'तो कागद तरी दाखवा.' या एका वाक्यात पुढचा सारा इतिहास आहे.

२ डिसेंबर १८९४ नव्हे, त्याच्या बरोबर एका शतकानंतर, २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी भरली. तिची रीत अगदी साधी होती. कामाचा हजेरीपट आणि खर्चाची बिले मिळवावयाची आणि गावासमोर मोठ्याने वाचावयाची. ज्याचे नाव वाचले जाई तो उठून सांगे की मी त्या कामावर गेलोच नव्हतो, किंवा मला एवढे पैसे मिळाले नाहीत. अशा सुनावण्यांतून मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी आणि कधी न बांधलेल्या इमारतींची बिले उजेडात आली. हिशेब तपासणारे तेथे कोणी पदवीधर नव्हते. पण आपल्या गावातील भिंत उभी आहे की नाही, हे सांगावयास पदवी लागत नाही.

१९९६ साली ब्यावर येथे या लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले. पुढे राजस्थानात २००० साली आणि आपल्या महाराष्ट्रात २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि २००५ साली तो साऱ्या देशासाठी झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेने करावे अशी तरतूद घालण्यात आली. २०१२ साली राजस्थानने आणखी पुढे जाऊन सुनावणीच्या हक्काचा कायदा केला. तक्रार आल्यापासून १५ दिवसांत नागरिकाला समक्ष ऐकून घ्यावे आणि सुनावणीनंतर ७ दिवसांत निर्णय कळवावा, असे त्यात बंधन आहे. तक्रार मान्यच झाली पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही. ती ऐकली गेली पाहिजे आणि तिला उत्तर मिळाले पाहिजे, एवढेच म्हणतो. संवादाची कायदेशीर व्याख्या याहून नेमकी करणे अवघड आहे.

खेड्यातील ही रीत शहरात कशी चालावी? शहरात माणसे एकमेकांस ओळखत नाहीत, आणि कामे डोळ्यांसमोर घडत नाहीत. या प्रश्नाचे एक उत्तर बंगळूरने दिले. सॅम्युएल पॉल हे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे एके काळचे संचालक. त्यांच्या पुढाकाराने १९९४ साली बंगळूरच्या नागरिकांची पाहणी करण्यात आली. महानगरपालिका, पाणी, वीज अशा एकेका खात्याविषयी लोकांना विचारले: तुमचे काम झाले का, किती खेपा घालाव्या लागल्या, वागणूक कशी मिळाली, वरचे पैसे द्यावे लागले का? शाळेत मुलांना प्रगतिपुस्तक मिळते तसे हे खात्यांचे प्रगतिपुस्तक होते. पाणी, वीज आणि महानगरपालिका यांच्या सेवेविषयी पूर्ण समाधानी असलेला माणूस दहांत एकही निघाला नाही. निकाल वर्तमानपत्रांतून छापले गेले.

पहिल्या प्रगतिपुस्तकाने फारसे काही बदलले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९९ साली दुसरी पाहणी झाली तेव्हा सुधारणा थोडीच दिसली. पण त्या वर्षी नवे राज्य सरकार आले, आणि नागरिक व अधिकारी यांना एकत्र बसविणारे एक कृतिदल शहरासाठी नेमण्यात आले. खात्यांचे प्रमुख जाहीर सभेत उभे राहून पुढील सहा महिन्यांत काय करणार ते सांगत, आणि पुढच्या सभेत काय झाले त्याचा हिशेब देत. २००० साली घरमालकाने स्वतःच आपल्या कराची आकारणी करावी अशी पद्धत आली. २००३ च्या तिसऱ्या पाहणीत लोकांचे समाधान बरेच वाढलेले आढळले. यातून घ्यावयाचा बोध असा की मोजमाप एकदा करून भागत नाही. ते पुनःपुन्हा व्हावे लागते, आणि मोजमापाला उत्तर देणारा कोणी समोर असावा लागतो. पुढे सरकार बदलले, ते कृतिदल मागे पडले. म्हणजे जी गोष्ट एखाद्याच्या मर्जीवर उभी असते ती मर्जीबरोबर जाते, हाही बोध त्यातच आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण आपल्या रोजच्या जिव्हाळ्याचे आहे. ते म्हणजे विजेचे बिल. विजेचे दर पूर्वी सरकार व वीज मंडळ ठरवीत. ग्राहकाने बिल भरावयाचे एवढाच त्याचा संबंध. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि दरवाढीचा प्रस्ताव लोकांसमोर मांडून जाहीर सुनावणी घेण्याची प्रथा सुरू झाली. २००३ च्या विद्युत कायद्याने तर लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेतल्याशिवाय दर ठरविता येत नाहीत. पहिल्याच काही सुनावण्यांत पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी आणि ग्राहक संघटनांनी मंडळाचे आकडे तपासून प्रश्न विचारले. शेतीच्या पंपांना मीटर नव्हते. त्यामुळे शेतीला किती वीज जाते हा केवळ अंदाज होता, आणि त्या अंदाजाच्या पोटात गळती व चोरी लपली होती. प्रश्नांच्या रेट्याने खरी गळती मंडळ सांगत होते त्याहून पुष्कळ अधिक असल्याचे उघड झाले. ज्या गोष्टीचे अस्तित्व मान्य नव्हते ती मान्य झाली, म्हणूनच तिच्यावर उपाय शोधणे शक्य झाले. सुनावणीमुळे विजेचे दर उतरले असा दावा मी करीत नाही. परंतु दर का वाढले, याचे कारण लेखी स्वरूपात वाचावयास मिळू लागले, आणि ते कारण पटले नाही तर दाद मागण्याची वाट मोकळी झाली.

आरोग्यसेवेच्या बाबतीत असाच एक प्रयोग आपल्या राज्यात २००७ पासून झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीस आरंभ झाला. गावातील समित्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची स्थिती तपासावयाची. डॉक्टर जागेवर असतात का, औषधे मिळतात का, बाहेरून आणावयास सांगतात का? उत्तराप्रमाणे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरावयाचा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो. नंतर जनसुनावणीत ते पत्रक अधिकाऱ्यांपुढे ठेवावयाचे. या सुनावण्यांतून तक्रारी तर निघाल्याच. पण दुसरीही एक गोष्ट कळली. औषधे नाहीत याचा दोष गाव ज्या डॉक्टरला देत होते, त्याच्याकडे वरून पुरवठाच होत नव्हता. तो कळल्यावर गाव आणि डॉक्टर मिळून वरच्या कचेरीकडे मागणी करू लागले. भांडणाचे रूपांतर भागीदारीत होते ते असे. संवादाने केवळ कर्मचाऱ्याची चूक दिसत नाही, त्याची अडचणही दिसते.

आता आपल्या हाती आज कोणती साधने आहेत ते पाहू. ती पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना ठाऊक नाहीत. महाराष्ट्रात २००५ साली बदल्यांचे नियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला, ज्याला लोक दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक राहू नये, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी, असेही त्यात आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा आपण अर्ज करून ३० दिवसांत माहिती मागण्यापुरता ओळखतो. परंतु त्याच्या चौथ्या कलमात याहून मोठी गोष्ट आहे. कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी, आणि ज्यांच्यावर एखाद्या निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावी, असे ते कलम सांगते. 'कारण सांगा' हा आग्रह आता उद्धटपणा राहिलेला नाही, तो कायदा आहे.

सेवेच्या हमीचा कायदा देशात प्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्याखाली कोणती सेवा किती दिवसांत द्यावयाची आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, हे जाहीर करावे लागते. अर्जाची पोच द्यावी लागते. अर्ज नाकारला तर लेखी कारण द्यावे लागते. काम झाले नाही तर त्याच खात्यातील वरिष्ठाकडे पहिले अपील, त्याच्याही वरिष्ठाकडे दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. सबळ कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मघाच्या त्या बाईला जी यादी, मुदत आणि नाव हवे होते, ते तिन्ही देणारी ही रचना आहे. याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिन असतो, तेथे खात्यांचे अधिकारी एकत्र बसून तक्रारी ऐकतात.

मग एवढी साधने असून खेपा का चुकत नाहीत? माझ्या मते याची कारणे चार आहेत.

पहिले, पोच न घेण्याची आपली सवय. अर्ज खिडकीतून आत सरकविला की आपण समाधानाने घरी जातो. ज्या अर्जाची पोच नाही त्याची मुदत सुरू होत नाही, आणि ज्याची मुदत नाही त्याचे अपील नाही. साऱ्या कायद्याचा आधार त्या एका लहानशा चिठ्ठीवर आहे.

दुसरे, भाषा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीतून व्हावयाचा ठरले, आणि १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम केले. इंग्रजीचे जोखड उतरले ही थोडकी गोष्ट नाही. परंतु 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की' असे आरंभ झालेले पत्र वाचून आपले काम झाले की फेटाळले, हे सामान्य मराठी माणसाला दोनदा वाचूनही कळत नसेल, तर ते मराठीत असून नसल्यासारखेच. 'तुमचा अर्ज नामंजूर झाला, कारण हे, अपील येथे करा', अशी तीन वाक्ये लिहावयास कोणता कायदा आड येतो?

तिसरे, वेळ आणि जागा. सकाळी अकराला भरणाऱ्या सभेत कोण येऊ शकतो? निवृत्त माणूस येतो, संघटनेचा कार्यकर्ता येतो. हातावर पोट असलेला येऊ शकत नाही, आणि घरच्या कामात गुंतलेली बाई येऊ शकत नाही. पाणी भरते ती बाई. पाण्याच्या सभेत बोलतात पुरुष. ज्याला सेवेची सर्वांत अधिक गरज तोच संवादात गैरहजर, अशी स्थिती असली की सभेतील मोठा आवाज हाच लोकांचा आवाज ठरतो. चांगल्या वस्तीतील बाग सुधारते आणि वस्तीच्या टोकाची मोरी तशीच तुंबलेली राहते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, संवादाच्या जागा कायद्यात निघाल्या पण व्यवहारात भरल्या नाहीत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्रसभांची तरतूद केली, म्हणजे खेड्यातील ग्रामसभेसारखी मतदारांची सभा शहरातही व्हावी. कित्येक शहरांत ती कागदावरच राहिली. पुणे महानगरपालिकेने २००६–०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्यास आरंभ केला, हे चांगलेच झाले. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून घातलेला हा पायंडा. केरळने १९९६ मध्ये जनयोजना हाती घेतली तेव्हा राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविली, आणि मग लोकांना चर्चेस बोलाविले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या सभेच्या हाती काही ठरविण्याची सत्ता नाही तिला लोक दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. आणि अधिकारी मग म्हणतात, लोकांना आस्थाच नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही प्रतिनिधी निवडून दिले आहेत, अधिकारी नेमले आहेत. आता प्रत्येक गोष्टीत लोकांना विचारत बसलो तर काम केव्हा होणार? याला उत्तर असे की प्रत्येक गोष्ट विचारावी असे कोणी म्हणत नाही. पूर आला असता सभा भरवीत नाहीत. नळाची जाडी किती असावी हे अभियंत्याने ठरवावे. परंतु पाणी कोणत्या वेळी सुटावे हे त्याला एकट्याला ठरविता येणार नाही, कारण त्या वेळी घरात कोण असते हे त्याला ठाऊक नाही. ज्ञान दोन्हीकडे आहे, अर्धे अर्धे. आणि निवडणूक पाच वर्षांनी एकदा येते. तुंबलेली मोरी पाच वर्षे वाट पाहात नाही.

शेवटी, आपण येथून घरी जाऊन काय करावयाचे? मोठमोठ्या प्रतिज्ञांची आवश्यकता नाही. आपल्या प्रभागातील पाच-सात माणसांनी, ज्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, एकत्र यावे. एकच सेवा निवडावी: पाणी, कचरा, दवाखाना किंवा दाखल्यांची खिडकी. एक महिनाभर रोज नोंद ठेवावी. पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, खिडकीवर किती खेपा झाल्या. त्या सेवेचा लिहिलेला नियम मिळवावा. मग नोंद आणि नियम शेजारी शेजारी ठेवून संबंधित अधिकाऱ्याची वेळ मागावी, आणि वेळ लोकांना सोयीची, म्हणजे संध्याकाळची, मागावी. अधिकाऱ्याची अडचण विचारावी व तीही लिहून घ्यावी. जे ठरेल ते मुदतीसह कागदावर उतरवून दोघांनी सही करावी. आणि मुदत संपल्यावर पुन्हा जावे. हे शेवटचे वाक्य सर्वांत कठीण आहे. पहिल्या सभेला गर्दी असते. दुसऱ्या सभेला जे येतात त्यांच्यामुळे काम होते.

सार्वजनिक सभेच्या सभासदाला आपल्या मागे पन्नास माणसे उभी करावी लागत. आज आपल्याला मुखत्यारपत्राची गरज उरलेली नाही. कायद्याने प्रत्येक नागरिकाला विचारण्याचा हक्क दिलेला आहे. पण ती चार खेपा घालून थकलेली बाई आजही आपल्यातून कोणी तरी तिच्या वतीने पाचवी खेप घालील का, याची वाट पाहते आहे. तिला तिच्या अर्जाची पोच मिळवून देणे, हे एका दुपारचे काम आहे.